अक्काच्या सायकलीची चाकं

लोंढा स्टेशन मागे पडलं, झाडी विरळ झाली आणि काळी शेतं दिसू लागली. सांगलीहून मी हुबळीला निघाले होते ते अक्काच्या सायकलीला चाकं घ्यायला. अक्का माझी थोरली बहीण. हुबळीच्या नवनगरला राहते, शाळेतून निवृत्त झालीय. संधिवातानं बोटं आखडली, गिअर बदलता येईनात, म्हणून सायकल एकाच गिअरची करायची, चाकंही नवी घालायची, असं तिनं ठरवलं होतं. "तू ये, मग निवडू," म्हणाली होती.

स्टेशनवरून आम्ही तडक जुन्या हुबळीत गेलो. सायकल आधीच दुकानात पोचली होती. दुकानदार अण्णांनी दोन जोड काढले. एक बारीक रिमचा, हलका. दुसरा रुंद, जास्त तारांचा, जाड टायरचा. हलकी चाकं त्यांनी चढवून दिली. अक्कानं पदर खोचला आणि गल्लीच्या टोकापर्यंत भुर्रकन गेली.

"निधान, अक्का, निधान!" (सावकाश) अण्णा मागून ओरडत होते.

परत आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "भाळ हगुर अद गं!" (खूप हलकी आहे)

मी मात्र गल्लीतले खड्डे नि उघडं गटार बघत होते. भावोजी गेल्यापासून ती घरात एकटीच. "अक्का, यावरून पडलीस तर? हाड मोडलं तर कोण बघणार तुला?"

"दोन्ही चालतात हो," अण्णा म्हणाले. "कुठं फिरवणार, त्यावर आहे."

"धारवाडला जाणार की, मैत्रिणींकडं," अक्का म्हणाली. मग माझ्याकडं बघत राहिली. "जाऊ दे. तुझ्या जिवाला घोर नको. जाडच घालू या."

बाहेर आम्ही गिरमिट (चुरमुऱ्यांचा ओलसर, तिखट प्रकार) खाल्लं, सोबत मिरची भजी. अक्का फारसं बोलली नाही. दमली असेल, असं मला वाटलं.

सकाळी ती धारवाडच्या रस्त्याला लागली. शेजाऱ्यांची स्कूटर घेऊन मी मागे. चढ सुरू झाला तशी तिची गती मंदावली. थोडी रेटली तिनं, मग उतरलीच. "चिखलातनं ओढल्यासारखं होतंय."

"जरा थांबून बघ ना परत."

"साकु (पुरे) गं." ती सायकल वळवून चालू लागली.

"मग आजच अण्णांकडं जाऊ. ती हलकी चाकं घालून घेऊ."

"बेड (नको). आता त्यावर बसले तरी पडायचंच डोक्यात येणार." सायकल ढकलत म्हणाली, "काल गल्लीत जाताना ते मनातसुद्धा नव्हतं बघ."

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसवताना तिनं पेढ्यांचा पुडा हातात दिला, डोक्यावरून हात फिरवला. बेळगाव येईपर्यंत मला पुडा सोडवला नाही.

परवा तिचा फोन आला. सायकल शेजारणीच्या लेकीला दिली, धारवाडला आता बसनं जाते, म्हणाली. "सुखरूप आहे की मी. आणि काय पाहिजे तुला?"

तेवढंच पाहिजे होतं मला. तेवढंच मागायला नको होतं.