शाहूपुरीतले अंडीडॉक्टर

अंडीडॉक्टर नमस्कार करायचे तो एकाच हातानं. दुसरा हात कोटाच्या आतल्या खिशावर असायचा, कारण तिथं लोकरीच्या तुकड्यात गुंडाळलेलं अंडं असायचं. कोंबड्या पाळणाऱ्या हमीदाबीच्या घरच्या खुडूक कोंबडीखालून काढलेलं अंडं खोलीवर पोचेपर्यंत गार होऊ नये, म्हणून ही तजवीज. नव्या माणसाला वाटे, यांच्या छातीत कळ आली. एकदा दोघा हमालांनी त्यांना दंडाला धरून गुळाच्या रव्यांवर, म्हणजे ढेपांवर, बसवलं आणि वारा घातला. डॉक्टर निमूटपणे वारा घेत बसले. पळून जावं तर अंडं हिंदकळलं असतं.

त्यांचं खरं नाव दाराच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. मुंबईला डॉक्टरी शिकून ते कोल्हापुरात परत आले होते. सकाळी खोकला-तापाचे रोगी बघायचे आणि दुपारी गुळाच्या वखारीमागच्या खोलीत शिरायचे. तिथं एक सूक्ष्मदर्शक होता, बाटल्या होत्या, आणि एक पत्र्याची पेटी होती. पेटीखाली रॉकेलचा बारका दिवा जळत असे आणि पेटीत अंडी उबत. एका पांढऱ्या-पिवळ्या पाण्यातून डोळा, पंख, काळीज कसं तयार होतं आणि कुठं काय बिघडलं म्हणजे पिल्लू अधू निघतं, हे त्यांना शोधायचं होतं. गावाचा मात्र ठाम समज होता की डॉक्टर महाराजांसाठी झुंजीचा कोंबडा तयार करताहेत. अंड्यांचा विटाळ नको म्हणून डॉक्टरांच्या आईनं मुलाला काही न विचारता त्याचं ताट पडवीत मांडायला सुरुवात केली. "पडवीत वारा चांगला लागतो," असं म्हणत ते जेवायचे.

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असे. कुणी काहीही छातीठोकपणे सांगितलं की ते मान हलवून म्हणत, "असं म्हणता? बघूया की." त्यात कुचेष्टा नसे. त्यांना खरंच बघायचं असे. अमावास्येला घातलेली अंडी नासतात, असं हमीदाबीनं सांगितलं तेव्हा त्यांनी कितीतरी अमावास्यांची अंडी वेगळी ठेवली. नासत नाहीत असं दिसल्यावर ते तिला ते सांगायला स्वतः गेले. हमीदाबी म्हणाली, "तुमची नसतील नासत, माझी नासत्यात." यावरही ते म्हणाले, "बघूया की."

आमच्या घराची आणि त्यांच्या खोलीची भिंत एकच होती. माझे सासरे, मामंजी, गुळाचे अडते. अंगानं आडवे, आवाजानं मोठे, आणि मिशी अशी की बाजारात माणूस दिसायच्या आधी मिशी दिसावी. मी कुरुंदवाडच्या एका मास्तरांची मुलगी, लिहायला-वाचायला येत असलेली, म्हणजे सासूबाईंच्या मते आधीच थोडी बिघडलेली. त्यात माझी पहिली मुलगी झाली ती वरचा ओठ फाटलेला घेऊन. डाव्या बाजूला नाकापर्यंत चीर गेली होती. सुइणीनं तिला माझ्या कुशीत ठेवलं आणि तोंडावर फडकं ओढलं.

सासूबाईंचा निकाल बाजेशेजारीच लागला. "चौथ्या म्हैन्यात गिराण लागलं तवा ही वांगी चिरत हुती. म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय. पोरीचा ओठ हिनंच चिरला." मी ग्रहणात वांगी चिरली होती की नाही, मला सांगता येईना. त्या घरात मी रोजच वांगी चिरत होते. निकालाची शिक्षाही ठरली. बारसं करायचं नाही, मला आणि मुलीला कुरुंदवाडला पोचवायचं, परत आणायचं नाही आणि मुलाचं दुसरं लग्न लावायचं. माझे यजमान खाली मान घालून उभे होते. त्यांचा मला तेव्हा आला तसा राग पुढं कधी आला नाही, एवढं सांगून सोडून देते.

मुलीला अंगावर नीट ओढता येईना, म्हणून मामंजींनी भिंतीपलीकडच्या डॉक्टरांना बोलावलं. ते एका हातानं नमस्कार करत आले, खिशातलं अंडं काढून उशीवर ठेवलं आणि मुलीला उचललं. बराच वेळ बघून म्हणाले, "आवाज खणखणीत हाय." त्या घरात तिच्याबद्दल कुणी पहिल्यांदाच बरं बोललं होतं. तिला उभी धरून बोंडल्यानं दूध कसं पाजायचं ते त्यांनी दाखवलं. थोडी मोठी झाली की मोठ्या दवाखान्यात ओठ शिवता येईल, असंही सांगितलं. मग सासूबाईंनी वांग्यांची हकीकत ऐकवली.

"गिराण कितव्या महिन्यात म्हणालात मावशी?"

"चौथ्या."

"ओठ जुळायचा तो दुसऱ्या महिन्यातच जुळून जातो. चौथ्यात चिरायला काय राहिलं होतं?"

"तुमी बघितलंय व्हय पोटात शिरून?"

"न्हाय," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरानं तिथं आवाज चढवला असता. हे म्हणाले, "पण आता पुनवेला गिराण हाय. बघूया की. माझी अंडी फुटंपर्यंत तरी हिला पाठवू नका."

मामंजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे तवर." माझा संसार असा अंड्यांवर येऊन टेकला.

पौर्णिमेला चंद्र ग्रासलेलाच उगवला. हमीदाबीच्या दोन खुडूक कोंबड्या डॉक्टरांनी आणल्या होत्या. एकीला अंड्यांवर घरात बसवलं, वर टोपली पालथी घातली आणि टोपलीवर सासूबाईंनी स्वतःच्या हातानं दर्भ ठेवला. दुसरी परसात, चंद्राच्या उजेडात, आणि तिच्यासमोर विळीवर वांगी चिरायला स्वतः डॉक्टर बसले. जन्मात भाजी न चिरलेला माणूस. दुसऱ्याच वांग्याला बोट कापून घेतलं, तरी ग्रहण सुटेपर्यंत उठले नाहीत. अर्धी शाहूपुरी भिंतीवरून बघत होती. कोंबडी त्यांच्याकडे बघत होती. त्या वांग्यांच्या फोडी एवढ्या वेड्यावाकड्या होत्या की दुसऱ्या दिवशी म्हशीलाच घालाव्या लागल्या.

अंडी फुटेपर्यंतच्या दिवसांत त्यांनी मला कामाला लावलं. आमच्या दारातली रांगोळी त्यांनी पाहिली होती आणि त्यांची स्वतःची चित्रकला अशी, की त्यांनी काढलेलं पिल्लू आणि चिंचेची शेंग शेजारी ठेवली तर ओळखू येऊ नये. "वैनी, तुमच्या हाताला वळण हाय. बसल्या बसल्या एवढं काढून द्या," म्हणून ते पेन्सिल आणि कागद घेऊन आले. मुलीला मांडीवर घेऊन मी त्या खोलीत बसू लागले. दार उघडं असे, दारात मामंजींचा हमाल बसलेला असे, त्यामुळे सासूबाईंना बोलायला जागा नव्हती. तरीही त्या बोलल्याच, ते वेगळं.

कवचाला पाडलेल्या लहानशा खिडकीतून मी पहिल्यांदा आत पाहिलं तेव्हा तांबडा ठिपका उडत होता. काळीज. अजून डोळे नाहीत, पाय नाहीत, आणि काळजाचं काम सुरू. मी मुलीच्या छातीवर हात ठेवला. मला रडू आलं. डॉक्टर बाटल्या पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंगाखाली एक वाढत असताना मेलेलं पिल्लू ठेवलं. "चेहरा एकसंध होत न्हाय वैनी. तुकड्यातुकड्यानं होतोय. ह्या बाजूनं एक येतो, त्या बाजूनं एक येतो, आणि मधे येऊन भेटतात. दिसतंय?" दिसत होतं. "सगळ्यांचंच असं होतं. तुमचं, माझं, महाराजांचं. एखाद्या वेळी एका बाजूला भेटायचं राहून जातं." मग ते म्हणाले, "चूक कुणाची, ते नंतर विचारावं. आधी कधी झालं ते विचारावं. बऱ्याचदा मग दुसरा प्रश्न उरतच न्हाय." बाळंतपणापासून माझ्या छातीवर जो धोंडा होता, तो त्या दुपारी उतरला. मला माहेरी पाठवणार होते ते पाठवणारच होते, पण माझ्या मुलीचा ओठ मी चिरला नव्हता.

अंडी फुटली. चंद्राखालची पिल्लं धडधाकट, दर्भाखालचीही धडधाकट. दर्भाखालचं एक अंडं तेवढं पोकळ निघालं, ते डॉक्टरांनीच सगळ्यांना दाखवलं. लपवलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मला तेव्हा वाटलं. सासूबाईंनी एकेक पिल्लू उचलून उलटंपालटं करून पाहिलं, खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आवो पण डॉक्टर, कोंबडीला कुठं ओठ असत्यात?"

भिंतीवरची शाहूपुरी खो खो हसली. डॉक्टर त्या सगळ्यांपेक्षा जास्त हसले आणि मग म्हणाले, "बरोबर बोललात मावशी. ह्याला माझ्याकडं उत्तर न्हाय." मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं. सोमवारसाठी कुरुंदवाडची गाडी सांगितली गेली.

त्यानंतर डॉक्टर मामंजींच्या अडतीवर गेले. तिथं काय झालं ते मामंजींनी मला फार वर्षांनी सांगितलं. मामंजी तांब्यानं पाणी पीत होते. पाणी पिताना तोंड भिंतीकडे वळवायचं आणि मिशीची डावी बाजू बोटानं दाबून धरायची, ही त्यांची जुनी सवय. आम्ही घरातली माणसं ती रोज बघत होतो, म्हणून आम्हाला ती दिसत नव्हती. डॉक्टर गुळाच्या रव्यावर बसले आणि म्हणाले, "अण्णा, बैल घेताना तुम्ही त्याचा आईबाप बघता. महाराजांच्या पागेतली घोडी कुठल्या घोड्याची, हे शाहूपुरीतल्या पोरांनासुद्धा ठाऊक असतंय. मग पोरीच्या ओठासाठी चंद्राकडं कशाला बघायचं? असे ओठ घराण्यात असतात. मी मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या तुमच्यात कुणाला न्हाय. मी तसंच धरून चाललोय. चुकत असलं तर तेवढं सांगा." हे सगळं बोलताना त्यांनी मामंजींच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही, नजर गुळावर ठेवली. मग उठले, खिशावर हात ठेवला आणि निघून गेले.

हा एवढा शोध घेणारा माणूस. त्यानं ते घरी येऊन सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी वाचले असते. पण दुसऱ्याच्या अंगावरचं आपल्याला दिसलं म्हणून ते सांगायचा हक्क आपला होत नाही, असं ते मानत. सांगायचं असेल तर ते ज्याचं त्यानं सांगावं. नाही सांगितलं असतं तर मी सोमवारी गेले असते, हेही त्यांना कळत होतं. त्या दोन दिवसांत त्यांनी पडवीतलं ताट तसंच परत पाठवलं, असं त्यांची आई पुढं मला म्हणाली.

सोमवारी गाडी दारात लागली. मुलीला शालीत घेऊन मी उंबऱ्याशी आले तर समोरून एक परका माणूस आत शिरत होता. अंगरखा मामंजींचा, पटका मामंजींचा, पण चेहरा कुणाचा तरी वेगळाच, उघडाबोडका. घरात कुणी वारलं तेव्हाही न उतरवलेली ती मिशी त्यांनी न्हाव्याकडे जाऊन उतरवली होती. आणि वरच्या ओठावर, डाव्या बाजूला, नाकाकडे चढलेली एक खाच होती.

"बघ," ते सासूबाईंना म्हणाले. एवढा मोठा आवाज त्या दिवशी अगदी बारीक आला. "आईनं सांगितलेलं, मिसरूड फुटलं की झाक म्हणून. लगीन व्हायच्या आधीच झाकलं. मग माझ्या येळी कुठलं गिराण हुतं, का माझी आई बी वांगी चिरत हुती?"

सासूबाई उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. एवढा संसार केलेल्या नवऱ्याचा ओठ त्या पहिल्यांदा बघत होत्या. मग पुढं आल्या, माझ्या हातातून मुलीला घेतलं, शाल बाजूला केली आणि एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे असं बघत राहिल्या. शेवटी गाडीवानाला म्हणाल्या, "बैलं सोड. बारशाचा गूळ आणाय जायाचं हाय." अडत्याच्या घरात बारशाला गूळ कमी पडत नसतो, पण त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. माझी क्षमा वगैरे त्यांनी मागितली नाही. त्या दिवशी मला पहिल्या पंगतीला वाढलं.

मुलीचं नाव इंदू ठेवलं. पुढं मोठ्या दवाखान्यात तिचा ओठ शिवला, तेव्हा डॉक्टर तिच्या पायाशी बसून होते. "माझा हात अंड्यावर चालतो, पोरावर न्हाय," म्हणून त्यांनी शस्त्राला हात लावला नाही. मामंजींनी पुन्हा मिशी ठेवली नाही. आणि मी पुढची कितीतरी वर्षं रोज दुपारी त्या खोलीत जाऊन अंड्यातली पिल्लं काढत राहिले. माझी चित्रं डॉक्टर मुंबईला पाठवत आणि खाली माझं नाव घालत. सासूबाई शेजारणींना सांगत, "आमची सून पिल्लांची रांगोळी काढती. मुंबईपर्यंत जाती."

इंदू सासरी गेल्यावर तापाची मोठी साथ आली तेव्हा डॉक्टर घरोघर फिरत होते. एके दिवशी ते दोन्ही हातांनी नमस्कार करताना दिसले; खिशात अंडं नव्हतं. त्यांनाही ताप चढला, आणि चार दिवसही मिळाले नाहीत. त्यांच्या पेटीत तेव्हा अंडी उबत होती. दिव्यात तेल मी घालत राहिले. पिल्लं बाहेर आली ती डॉक्टरांच्या आईनं पडवीत आणून ठेवली आणि तांदळाची कणी टाकत बसून राहिली.

त्यानंतर एकदोन वर्षांनी इंदू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मामंजी तोवर गेले होते. मुलगा झाला. सुइणीनं फडक्याचं टोक बाळाच्या तोंडावर ओढलं, तेव्हा मी समजले. लहानशीच खाच होती, डाव्या बाजूला. सुईण हलकेच म्हणाली, "गिराण पाळलं न्हवतं का पोरीनं?"

सासूबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना आता धड दिसतही नव्हतं. "गिराणाचं काय घिऊन बसलीस ग," त्या म्हणाल्या. "पणजाचा ओठ हाय त्यो. फडकं काढ आधी. आन इकडं."

त्यांनी बाळाच्या ओठावरून बोट फिरवलं, दोनदा. इंदू बाजेवर पडून हसत होती. तिला त्या घरात कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं पेन्सिल काढली आणि बाळाचा चेहरा कागदावर उतरवला. ओठ नीट जमला. आणि मग लक्षात आलं की भिंतीपलीकडे हे दाखवायला आता कुणी नाही. कागद हातात घेऊन मी तशीच बसले. सासूबाईंनी तो मागून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "ह्येंच्यावानी झालंय. बिनमिशीचं."