तारुण्याच्या कॅप्सूलची खातरजमा

आमच्या वृत्तपत्राच्या जिल्हा कार्यालयात वयाची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली की उपसंपादक निवृत्त होतो. त्यानंतरही त्याला ठेवायचे असेल तर मुख्य कार्यालय एक वर्षाचा करार करते. त्यासाठी संपादकांची शिफारस लागते आणि प्रकृती ठणठणीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला लागतो. माझी शिफारस झालेली होती. दाखला अडेल असे काही कारण नव्हते. ते कारण मी स्वतः तयार केले.

करार मला हवा होता. माझ्या आधी निवृत्त झालेले एक सहकारी रोज सकाळी परभणीच्या बसस्थानकासमोरच्या हॉटेलात बसून आमचाच अंक वाचत, चुकांभोवती लाल पेनाने गोल करत आणि ते गोल हॉटेलमालकाला दाखवत. मालक प्रत्येक वेळी मान हलवत असे. त्या टेबलावरची दुसरी खुर्ची रिकामी होती.

त्या उन्हाळ्यात संपादकांनी फोनवर विचारले, "तुमचं आता किती राहिलं?" ते नोकरीबद्दल विचारत होते. मी मात्र फोन ठेवल्यावर आरशासमोर उभा राहिलो.

अशा मनःस्थितीत माझे साडू गंगाखेडहून आले. आयुष्यभर त्यांनी साखर कारखान्याच्या कचेरीत काम केले होते आणि निवृत्तीनंतर ते एका वनौषधी कॅप्सूलचे प्रतिनिधी झाले होते. अश्वगंधा, गुळवेल, आवळा आणि शतावरी असा तो ऐवज होता. डबीवर हिरव्या पानातून उगवणारा सूर्य होता. साडूंनी डबी टेबलावर ठेवली आणि चहा यायच्या आत मुद्द्यावर आले.

"साडूभाऊ, माणूस म्हातारा होत न्हाई. पेशी म्हाताऱ्या होतात."

"म्हणजे?"

"गोधडी घ्या. गोधडीच्या कडेला शिवण असती का न्हाई? तसं आपल्या गुणसूत्रांच्या टोकाला असतंय. पेशी दुभागली की ती कड जरा झिजती. पुन्हा दुभागली, पुन्हा झिजती. कड संपली की गोधडी खतम. आपली कॅप्सूल कड झिजू देत न्हाई."

"भाऊजी, तुमी कवापासून घ्यायलात?" माझ्या बायकोने विचारले.

"वर्ष झालं की."

"मग ही कड वरून दिसत नसंल," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

मला गोधडीचा दाखला फार आवडला. अवघड विषय इतक्या सोप्या भाषेत मांडणारा माणूस कारखान्याच्या कचेरीत वाया गेला, असेही मनात येऊन गेले. पण मी बातमीदारीच्या शिस्तीत वाढलेला माणूस आहे. एकाच सूत्राने दिलेली माहिती आम्ही छापत नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांनी तीच गोष्ट सांगितली तर ती पक्की. पोटात घ्यायच्या गोष्टीला वेगळा नियम लावायचे कारण नव्हते.

दुसरे सूत्र मानवतला होते. माझा वर्गमित्र तिथे कापसाचा आडत्या आहे. त्याच्या दुकानात मागे हीच डबी पाहिल्याचे मला आठवले. मी फोन लावला.

"लेका, मी तर दिवाळीपासून घ्यायलोय," तो म्हणाला. "गुडघे बघ माझे. जिना दणादण चढायलोय."

"पण हे काम कसं करतं, ते सांग."

"सोपं हाय. घरी गोधडी हाय ना तुझ्या? तिच्या कडेची शिवण..."

मी त्याला पुढे बोलू दिले, कारण बोलणाऱ्याला मध्ये तोडायचे नसते. मात्र मनात निर्णय झाला होता. एक गंगाखेडचा, एक मानवतचा. दोघांची आपसात ओळख नाही. तरीही दोघांचे म्हणणे शब्दशः सारखे. माझ्या सगळ्या नोकरीत इतकी निखळ खातरजमा क्वचितच झाली असेल. त्याच संध्याकाळी मी पहिली कॅप्सूल घेतली. साडू सकाळ-संध्याकाळ एक म्हणाले होते. माझ्याकडे वेळ कमी असल्यामुळे मी दोन-दोन घेऊ लागलो.

पावसाळा संपता संपता परिणाम दिसू लागला. भूक कमी झाली. वय कमी झाल्यावर आहार आटोपशीर होत असावा, असे मी मानले. दुपारी गळून गेल्यासारखे वाटे. शरीर आतून दुरुस्त होत असताना बाहेरचे काम थोडे थांबणारच, अशी त्याची संगती लावली. मग कार्यालयात छायाचित्रकाराने माझ्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाला, "साहेब, चेहऱ्यावर येगळीच चमक आलीय." मी त्याचे आभार मानले. ही गोष्ट सांगायला घरी आलो.

बायकोने मला खिडकीपाशी नेले, उजेडात उभे केले आणि डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"चमक कसली? हळद लागलेल्या नवरदेवावानी पिवळे दिसायलात तुमी."

"त्वचा उजळते, असं डबीवर लिहिलंय."

"डोळे बी उजळतेत का?"

साडूंना फोन केला. ते जराही विचलित झाले नाहीत. "हे विष बाहेर पडायलंय, साडूभाऊ. साठल्यालं असतंय ना आत. आता बिलकुल बंद करू नका." बायकोने फोन माझ्या हातातून घेतला आणि बहिणीला द्यायला सांगितले. पुढचे बोलणे माझ्या कानावर पडू नये म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

दाखल्यासाठी तपासणी करायची होतीच. डॉक्टर तरुण होत्या. रक्ताचा अहवाल त्यांनी शांतपणे वाचला आणि विचारले, "काका, दारू?"

"नाही."

"मग काय घेता?"

मी सांगितले. दोन-दोन, हेही सांगितले. त्यांनी चष्मा काढला. यकृताला सूज होती. गुळवेल आणि अश्वगंधा काही जणांच्या यकृताला मानवत नाहीत, मात्रा वाढवली तर धोका वाढतो, वनस्पतीची आहे म्हणून गोळी निरुपद्रवी होत नाही, हे त्यांनी सांगितले. कॅप्सूल आजपासून बंद. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचे. तोवर दाखला मिळणार नव्हता. मुख्य कार्यालयाला तो महिनाअखेरीस हवा होता.

"डॉक्टर, मी खात्री करून घेतली होती," मी म्हणालो. "दोन स्वतंत्र सूत्रांकडून."

"त्यांना कुणी सांगितलं होतं?"

हा प्रश्न मी नव्या वार्ताहरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. मला तो सुचला नव्हता. दवाखान्याच्या बाहेर रसवंतीच्या बाकावर बसून मी आधी मानवतला फोन लावला.

"कुणी म्हंजे? तुमच्याच पेपरात आलं होतं की. आरोग्याच्या पानावर," मित्र म्हणाला.

मग गंगाखेडला लावला. "तुमचंच छापून आलंय साडूभाऊ," साडू म्हणाले. "गिऱ्हाइकाला मी तेच दाखवतो. पेपर खोटं छापायलाय का, असं इचारलं की माणूस गप होतंय."

तेव्हा आठवले. दोनेक वर्षांपूर्वी याच कॅप्सूलच्या कंपनीचे इंग्रजी पत्रक कार्यालयात आले होते आणि मजकूर मराठीत करायचे काम माझ्याकडे होते. गुणसूत्रांच्या टोकांचे वाचकाला काय समजावणार, म्हणून गोधडीचा दाखला मी घातला होता. तो मला तेव्हाही फार आवडला होता. शेवटच्या परिच्छेदात मी नीट लिहिलेही होते की, हे सारे काचेच्या ताटलीतल्या पेशींपुरते आहे, माणसाचे म्हातारपण याने लांबते असे सिद्ध झालेले नाही, आणि वैद्यकीय सल्ल्याशिवाय काही घेऊ नये. पान लावता लावता एका स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आली. जागा कमी पडली. बातमीत महत्त्वाचे वर आणि बिनमहत्त्वाचे खाली असते, त्यामुळे कापायची वेळ आली की खालून कापतात. मी खालून कापले. त्यानंतर हजार मजकूर हाताखालून गेले आणि हाही विसरलो. तोच मजकूर फिरत फिरत गंगाखेडहून आणि मानवतहून माझ्याकडे परत आला, तेव्हा मला ती दोन स्वतंत्र सूत्रे वाटली.

पुढचे आठवडे मऊ भात, ताक आणि बायकोची देखरेख यांत गेले. कार्यालयात माझ्या जागी कोण येणार याची चर्चा मी आत शिरलो की थांबे. हॉटेलातल्या त्या सहकाऱ्यांनी एकदा मला रस्त्यावरून जाताना पाहिले आणि रिकाम्या खुर्चीकडे हात केला. मी घड्याळात पाहिले आणि चालत राहिलो. घड्याळ हातात नव्हते.

दुसरा अहवाल बरा आला. महिना संपायला दोन दिवस राहिले असताना डॉक्टरांनी दाखला लिहिला: 'वयोमानानुसार प्रकृती ठीक.' पहिला शब्द काढला तर वाक्याला धक्का बसत नाही, असे मी नम्रपणे सुचवले. कापलेल्या परिच्छेदाची हकीकत मी त्यांना आधीच सांगितली होती. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही आता काही कापू नका."

करार झाला. नव्या वर्षातले माझे पहिले काम आरोग्याच्या पानाचेच निघाले. दुसऱ्या कंपनीचे पत्रक, पुन्हा पेशी, पुन्हा तारुण्य. मी इशाऱ्याचा परिच्छेद सगळ्यात वर घेतला आणि कंपनीचे म्हणणे तळाशी ढकलले. पान लागताना जाहिरात आली. मी नियमाप्रमाणे खालून कापले. छापून आले ते एवढेच, की माणसांवर असा परिणाम सिद्ध झालेला नाही आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नये.

सकाळी संपादकांचा फोन आला. सूर काळजीचा होता.

"ते कॅप्सूलचं तुम्हीच लावलं का? बातमी उलटी लागलीय."

"हो, मीच लावली."

"पुढच्या वेळी कुणाला तरी दाखवून घेत चला," ते म्हणाले. "या वयात होतं असं."