तीन हॉर्न आणि एक विमान

आमच्या दुकानात दोन गोष्टी रोज साठतात. कोळशाची धूळ आणि किस्से. धूळ ब्लोअरने उडवता येते. किस्से मात्र कीबोर्डच्या फटीत अडकलेल्या बिस्किटाच्या चुऱ्यासारखे. उलटं करून कितीही आपटा, दुसऱ्या दिवशी आणखी निघतात!

दुकान चंद्रपुरात, जटपुरा गेटाच्या अलीकडे. मालक रफिकभाई. मी पल्लवी, कोरपन्याची, बी.एस्सी. कम्प्युटर. रफिकभाई माझी ओळख करून देताना म्हणतात, "पोरगी हुशार हाये, फक्त तोंडाले ब्रेक नाई." ब्रेक आहे. समोरचा माणूस साठीचा असला आणि चुकत असला की लागत नाही, एवढंच.

यंदाचे निम्मे किस्से एकट्या वामनभाऊंच्या कम्प्युटरने दिले.

* * *

वामनभाऊ राजुऱ्याकडच्या उघड्या कोळसा खाणीत तीस वर्षं डंपर चालवून नुकतेच रिटायर झालेले. डंपर म्हणजे रस्त्यावरचा ट्रक नव्हे. खाणीतल्या डंपरचं नुसतं चाकच माणसाहून उंच असतं. जानेवारीत एके दिवशी ते दुकानात आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "विमान चालवाचा कम्प्युटर पाह्यजे. एकदम टॉपचा."

रफिकभाईंनी मान वर न करता विचारलं, "कुठलं तिकीट काढाचं?"

"तिकीट हाये. विमान पाह्यजे!"

मग सगळी हकीकत निघाली. त्यांची मुलगी दुबईला. तिला मुलगी झालेली. पण आईबाबा आल्याशिवाय बाळाला पाळण्यात घालणार नाही आणि नावही ठेवणार नाही, असा तिचा हट्ट. सरकारी कागदावर काय लिहायचं ते लिहून टाकलं होतं, घरात मात्र बाळ नुसतंच 'बाळ'. तिकिटं एप्रिलची, नागपूरहून. अडचण एकच होती. ती सांगताना वामनभाऊंनी आवाज खाली आणला.

"आमची बाई. तिले विमानाचं लय भेव वाटते. घरीच कम्प्युटरवर सवय झाली म्हनजे बसन बापा."

मला हा माणूस आवडला. बायकोची भीती जावी म्हणून कोणी फ्लाइट सिम्युलेटर बांधून घेतो का? आमच्याकडचे नवरे जास्तीत जास्त अंगारा आणून देतात!

रफिकभाईंनी ताबडतोब शोकेसमधल्या दोन वर्षं न खपलेल्या पीसवर हात ठेवला. "हा घ्या. एकदम मजबूत."

"त्याच्यावर विमान काय, पतंगही उडणार नाही!" मी म्हणाले.

रफिकभाईंनी हात काढला. "ठीक हाये. तूच निवड सगळे पार्ट. जमलं त उद्यापासून असेंब्लीचं टेबल तुझं. नाई जमलं त प्रिंटरचे टोनर भरत बस."

* * *

पार्ट निवडताना वामनभाऊंची स्वतःची पद्धत होती. मी कोअर आणि कॅश सांगायची, ते वस्तू हातात घेऊन वजन बघायचे.

ग्राफिक्स कार्ड बघून खूश झाले. "हे जड हाये. हे घे." एसएसडी दाखवली तर चेहरा पडला. "हे काय व? च्युइंगम हाये का?"

"भाऊ, अख्खी दुनिया याच्यात मावते. रस्ते, डोंगर, एअरपोर्ट, सगळं."

"मावन बी. पन डंपरचा फ्यूज याच्याहून मोठा राहाते!"

कॅबिनेट त्यांनी टिचक्या मारून निवडलं, टरबूज निवडतात तसं. तीन कॅबिनेट नापास. चौथं वाजवून बघितलं, कान लावला आणि म्हणाले, "हे पोकळ नाई."

आमच्या शेजारी उरकुडे गुरुजी राहतात. रोज आमच्या पंख्याखाली बसून आमचाच पेपर वाचतात. त्यांना राहवलं नाही. "आमच्या काळात एवढ्या भानगडी नव्हत्या."

"हो ना गुरुजी," मी म्हणाले. "तुमच्या काळात विमान वहीच्या पानाचं होतं. त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नसे!"

गुरुजी दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले. पंखा त्यांच्या घरी नव्हता ना!

* * *

तीन मोठे मॉनिटर ओळीने लावायचं ठरत होतं, तेव्हा मी एक चूक केली. मला वाटलं, माणसाला आपलं गाव दाखवावं. दुकानातल्या कम्प्युटरवर सिम्युलेटर लावला, छोटं विमान उचललं आणि राजुऱ्यावरून नेलं. हिरवं जंगल, वर्धा नदी, आणि मध्येच जमिनीला पडलेला काळा खड्डा. पायऱ्यापायऱ्यांचा, खाली खाली जाणारा.

"ही घ्या तुमची खाण!"

वामनभाऊ बघतच राहिले. "एवढी खोल?"

"तुम्हीच तर तीस वर्षं उतरत होतात."

"उतरत होतो व पोरी. पन वरून कधी पाह्यली नाई."

मग पाणी मागितलं. प्यायले. पुन्हा मागितलं. आणि म्हणाले, "तीन मॉनिटर नोको. एकच घेऊ. लहानसा."

मला समजेना. "भाऊ, एवढं भारी कार्ड घेताय आणि मॉनिटर लहान? खालचं सगळं काचेसारखं स्वच्छ दिसेल!"

"तेच त! इतकं साफ कशाले पाह्यजे? बाईले भेव वाटन ना."

रफिकभाई कौतुकाने म्हणाले, "बायकोचा केवढा खयाल करते हा माणूस!"

* * *

फेब्रुवारीत वामनभाऊंनी मला वेड लावलं. पार्ट आले की नवीन शंका. रॅम बत्तीस आणली तर, "चौसष्ट भेटते म्हनते." चौसष्ट मागवली तर, "प्रोसेसरचं नवीन मॉडेल येऊन राह्यलं म्हनते, थांबू का?" पॉवर सप्लाय तर दोनदा बदलला. अख्ख्या राज्याला वीज पुरवणाऱ्या आमच्या जिल्ह्यात लाइट जाते, म्हणून मोठा यूपीएस हवा, हे मीच सांगितलं होतं. त्यावर त्यांचा प्रश्न: "अन् विमान हवेत असताना यूपीएस संपला त?"

"तर स्क्रीन काळा होईल, भाऊ. तुम्ही खुर्चीवरच असाल!"

"पन विमान?"

राग आला की माझी मराठी सरळ कोरपन्याला जाते. "भाऊ, तुमाले कम्प्युटर घ्याचा हाये का म्हातारपन काढाचं हाये? लेकरू तिकडं बिननावाचं पडलं हाये, अन् तुमी इथी नवीन मॉडेलची वाट पाहून राह्यले!"

रफिकभाई काउंटरखाली काहीतरी शोधायला लागले. काहीच हरवलेलं नव्हतं.

वामनभाऊ खाली बघून म्हणाले, "बरं. हाये तेच लाव."

* * *

होळीनंतर त्यांच्या घरी मशीन लावायला गेले. पहिली गोष्ट दिसली ती घरचा मोठा कूलर. वाळ्याची ओली जाळी, आत पाणी, आणि जाळीच्या बरोबर समोर त्यांनी टेबल मांडून ठेवलेलं. "सांगतलं होतं ना तू, मशीन थंड राहाले पाह्यजे म्हनून?"

"थंड म्हटलं होतं, भाऊ. अंघोळ नाही सांगितली!"

टेबल उलट्या भिंतीला नेलं. धुळीची जाळी बसवली. हँडल, पेडल, थ्रॉटल जोडले. स्क्रीनवर नागपूरची धावपट्टी आली. वामनभाऊ खुर्चीत बसले, पेडलवर पाय ठेवले, हँडल धरलं आणि इकडेतिकडे चाचपायला लागले.

"काय पाहिजे, भाऊ?"

"हॉर्न कुठी हाये?"

"विमानाला हॉर्न नसतो."

त्यांनी हात काढून घेतले. अगदी गंभीर. खाणीत नियम असतो म्हणाले. इंजिन सुरू करताना एक हॉर्न, पुढे नेताना दोन, मागे घेताना तीन. त्याशिवाय चाक हलत नाही. डंपरच्या मागे कोण उभं आहे ते वरून दिसत नाही. "तीस वर्सात माह्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाई. अन् हे एवढं मोठं विमान बिना हॉर्नचं मागं घेते? मागं कोनी उभं असन त?"

स्वयंपाकघरातून शकुंतलाबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला. "दे व पोरी एक हॉर्न लावून! हे स्कूटर मागं घेतात तरी तोंडानं पों पों पों करतात. लग्नात मले पाटावरून मागं सरकाले लावलं, तवा बी केलं असन!"

शेवटी मी मोबाइलवर एका डंपरचा हॉर्न शोधला आणि हँडलच्या एका बटणावर बसवला. वामनभाऊंनी एकदा दाबला. इंजिन सुरू. दोनदा दाबला. विमान पुढे. शेजारच्या घरातून कोणीतरी ओरडलं, "रिटायर झाले ना हो भाऊ?"

* * *

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेले. तिकिटाला आठवडा राहिला होता. वामनभाऊ मन लावून चालवत होते. दोन हॉर्न, विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत. तिथे सावकाश वळण. परत या टोकाला. तिथे ब्रेक, थोडं थांबणं, मग पुन्हा दोन हॉर्न.

मी तीन चकरा बघितल्या. "भाऊ, हे काय चाललंय?"

"ट्रिपा. सकाळपासून अठ्ठावीस झाल्या."

"आणि उडवलं कधी?"

"अजून रोडचा अंदाज नाई आला."

सिम्युलेटरमध्ये एक वही असते, केलेल्या उड्डाणांची. मी उघडली. पंधरा दिवस, एवढं भारी कार्ड, चौसष्ट जीबी रॅम, आणि उड्डाणं शून्य! जगातल्या सगळ्यात वेगवान मशीनवर ह्या माणसाने अदृश्य कोळसा वाहून नेला होता.

मी शकुंतलाबाईंकडे वळले. "बाई, तुम्ही तरी उडवून बघितलं का? भीती गेली का थोडी?"

"कोनाची भीती?"

"तुमची. विमानाची."

बाईंनी हातातली पापडाची चळत खाली ठेवली. "मले काऊन भेव वाटन? माही बॅग संक्रांतीपासून भरून हाये! त्या पलंगाखाली पाहा. तिळाचे लाडू तिच्यात शिळे झाले, काढून पुन्हा केले." मग नवऱ्याकडे बघितलं. सावकाश. "असं सांगतलं का यायनं? हे माळ्यावरची परात काढाले शिडीवर चढत नाई! मी चढतो अन् हे खालून शिडी धरतात, डोळे मिटून!"

मला लहान मॉनिटर आठवला. दोनदा बदललेला पॉवर सप्लाय आठवला. दोन ग्लास पाणी आठवलं. खड्ड्याच्या तळाशी तीस वर्षं निवांत राहिलेला माणूस हँडल धरून बसला होता आणि स्क्रीनवरून नजर हलवत नव्हता.

"पोरी," तो हळूच म्हणाला, "ग्राफिक कार्ड बदलून पाहू का एकदा?"

"सगळे पार्ट बेस्ट आहेत, भाऊ," मी म्हणाले. "बदलायचा एकच राहिलाय. खुर्चीवरचा!"

* * *

शेवटचा किस्सा मी पाहिलेला नाही. शकुंतलाबाईंनी फोनवर सांगितला, दुबईहून. मागे पाळण्याच्या कड्या करकरत होत्या.

नागपूरला विमानात चढेपर्यंत वामनभाऊंनी तीनदा माझा नंबर लावायला सांगितला. "पल्लवीले विचाराचं राह्यलं, यूपीएस बंद केला का म्हनून." बाईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि पर्स मांडीखाली. खिडकीची जागा वामनभाऊंना मिळाली. त्यांनी झडप खाली ओढली, पट्टा आवळला, पुन्हा आवळला आणि डोळे मिटले.

दारं लागली. विमान हललं. आणि हललं ते मागे!

वामनभाऊंचे डोळे उघडले. दोन्ही पाय समोरच्या सीटखाली ब्रेक शोधायला लागले. "थांबवा!" ते ओरडले. "थांबवा हो! मागं घेऊन राह्यले, हॉर्न कोनी वाजवला नाई!"

पट्टा काढून ते अर्धे उभे. पुढून एअर होस्टेस धावत आली. "सर, प्लीज बसा. सर, काही प्रॉब्लेम आहे का?" मागच्या रांगेतले लोक माना उंचावून बघायला लागले. एकाने मोबाइल काढला. वामनभाऊंच्या कपाळावर घाम, एक हात सीटच्या पाठीवर, आणि नजर सरळ दाराकडे.

शकुंतलाबाईंनी त्यांचा सदरा धरला, खाली ओढलं आणि अख्ख्या विमानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"पों! पों! पों!"

वामनभाऊ बसले. पट्टा लावला. खिडकीची झडप वर केली, मान वळवून मागे नीट बघून घेतलं, आणि म्हणाले,

"हं. कोनी नाई. घे आता."