भोंगा न वाजवल्याचा जबाब

“कबूल लिहून टाका, वकीलसाहेब. मले भांडाचं नाई.”

नथ्थू ड्रायव्हरने समन्स माझ्या टेबलावर ठेवलं. समन्स म्हणजे कोर्टाचं बोलावणं. पन्नास सालानंतरची गोष्ट. वर्ध्यात वकिली सुरू करून मला दुसरंच वर्ष होतं, आणि कायदा जिल्ह्यात आपल्यालाच कळतो अशी माझी समजूत होती. नथ्थू माझ्याच वयाचा.

प्रकरण असं. त्याची प्रवासी बस सिंदीजवळच्या चौरस्त्यावर आली आणि आडव्या रस्त्याने एक गुरुजी सायकलवर आले. मध्ये जिनची, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याची भिंत. दोघेही एकमेकांना दिसले नाहीत. गुरुजींचा जीव वाचला, पण उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. पोलिसांनी दोन आरोप ठेवले. एक, चौरस्त्यावर हॉर्न वाजवला नाही. दोन, बेदरकारपणे गाडी चालवून माणूस जखमी केला. पहिल्याला किरकोळ दंड. दुसरा सिद्ध झाला तर लायसन्स जाणार, तुरुंगही होऊ शकतो. नथ्थूला गाडी चालवण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

“नुसतं कबूल लिहिलं तर दोन्ही कबूल होतात, बाबा. लायसन्स जाईल.”

“गुरुजीचा पाय मोडला. माहं लायसन्स गेलं तर काय झालं?”

रोज फेऱ्या संपल्या की तो दवाखान्यात जायचा. बायकोने दिलेला डबा गुरुजींसमोर ठेवायचा आणि एक शब्द न बोलता बसून राहायचा. वाईट वाटणं वेगळं आणि गुन्हा केलेला असणं वेगळं, हे काही केल्या त्याच्या डोक्यात शिरेना. शेवटी मी चिडलो. दोन्ही आरोप नाकबूल, असा जबाब मीच लिहून काढला. भोंगा वाजवला होता, गुरुजींना ऐकू आला नाही, असं त्यात झोकात ठोकून दिलं.

वाचून दाखवल्यावर नथ्थू म्हणाला, “वाजवला नाई ना पण.”

“तुला कोण विचारतंय?”

“गुरुजी इचारतीन. संध्याकाळी जातोच मी त्यायच्याकडे.”

तेव्हा कुठे मी पहिल्याच दिवशी विचारायचा प्रश्न विचारला. “काऊन नाई वाजवला?” वैतागलो की मी घरच्या बोलीवर येतो, ‘का’चं ‘काऊन’ होतं.

“समोर बंडी होती, साहेब. नवे गोऱ्हे जुपले होते. कापसाच्या गंजीवर वेचणाऱ्या बाया बसल्या होत्या, एकीजवळ तान्हं लेकरू. बंडीवाल्यानं दुपट्टा वर केला.”

आमच्या भागात बंडीला, म्हणजे बैलगाडीला, गोऱ्ह्यांची कोवळी जोडी नवीन जुपली असली आणि समोरून मोटार आली, की बंडीवाला दुपट्टा वर धरायचा. भोंगा वाजवू नका, बैल उधळतील, एवढाच त्याचा अर्थ. कायद्याच्या पुस्तकात हे कुठे नव्हतं, पण इथले ड्रायव्हर पाळायचे. नथ्थूने वेगही कमी केला होता. ही गोष्ट सांगण्यासारखी आहे, असंच त्याला वाटलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

मी तो झोकदार कागद फाडला. नवा जबाब चार ओळींचा झाला. भोंगा वाजवला नाही, कबूल. कारण अमुक. बेदरकारपणा नाकबूल.

तारखेला गुरुजी कुबड्यांवर साक्षीला आले. सरकारी वकिलांनी विचारलं, “हॉर्न वाजला असता तर तुम्ही थांबला असता?”

“थांबलो असतो.”

नथ्थूने मान खाली घातली. मी उलटतपासणीला उठलो, पण प्रश्न एकच सुचला.

“तुम्ही बंडी पाहिली होती, गुरुजी?”

“पडल्यावर पाहिली. गोऱ्हे थरथरत होते. भोंगा वाजला असता तर बंडी नालीत गेली असती. माझ्या वर्गातल्या दोन पोरांच्या आया होत्या तिच्यात.” मग ते मॅजिस्ट्रेटकडे वळले. “त्याच्या जागी मी असतो, तर मीही वाजवला नसता, साहेब.”

बेदरकारपणाचा आरोप गेला. भोंग्याचा दंड झाला. लायसन्स राहिलं.

बाहेर झाडाखाली नथ्थूने गुरुजींना हात धरून बसवलं आणि डबा उघडला.

“आता तरी काही बोल रे,” गुरुजी म्हणाले.

नथ्थूने डोळे पुसले. “भाजी थंडी होऊन राह्यली, गुरुजी.”

तेव्हापासून मी अशिलाला आधी ‘काऊन?’ विचारतो आणि मग जबाब लिहितो. कागद कमी फाडावे लागतात.