प्रणिताच्या टाकीतले जीव

प्रणिता कानडी मुलखातल्या राजाजीनगरच्या जुन्या मराठी घरातली, आणि हट्टाला पक्की. औषधांची रसायनं बनवणाऱ्या कारखान्यात सांडपाणी तिच्या ताब्यात होतं. समुद्राहून खारट, वर सॉल्व्हंटचा उग्र दर्प. हे पाणी जंतूंकडून साफ करून घेईन, असं ती म्हणाली तेव्हा उत्पादन सांभाळणारे सुधींद्र पोट धरून हसले होते. "अहो, लोणच्यात मीठ कशाला घालतात? जंतू मरावेत म्हणूनच ना!"

तिने वाद घातला नाही. शहराच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातून जंतूंनी भरलेला गाळ आणला, टाकीत हवा सोडली आणि वर्षभर मिठाचं प्रमाण चिमटीचिमटीने वाढवत नेलं. घाई झाली की जीव मरत, पुन्हा मागे यावं लागे. पण शेवटी ते तगले, आणि कामालाही लागले. खाल्ल्या मिठाला जागणारे निघाले म्हणायचे! टाकीतला तपकिरी फेस पाहून पाहुणे नाक मुरडत; हिला मात्र भरला गोठा पाहिल्याचं समाधान वाटे.

मग आली आयुधपूजा. त्या दिवशी कारखान्यातलं एकूण एक यंत्र धुऊन त्याला हळदकुंकू लागतं. प्रणिता रेशमी साडी नेसून आली, तर टाकी रिकामी, घासूनपुसून लख्ख, कडेला झेंडूची माळ. शेजारी नवा ऑपरेटर बसवंत, निपाणीकडचा, शाबासकीची वाट बघत उभा.

"अक्का, केवढी घाण साठली होती! काल सगळी उपसली बघा."

ती टाकीच्या कडेवर वाकली. "कुठे टाकलीत, अण्णा?"

"गाळ सुकवायच्या वाफ्यात."

ती धावली. वरचा थर वाळला होता, पण खाली ओल होती. "घाण नव्हे हो ती, आपली कामावरची माणसं आहेत!" म्हणत ती साडीसकट वाफ्यात उतरली. बसवंतचा चेहरा पडला. पूजेचं ताट ठेवून त्याने घमेलं उचललं. गाळ पुन्हा टाकीत गेला, सोबत पातळ केलेलं सांडपाणी आणि जिवांना खायला गूळ.

सुधींद्र म्हणाले, "मेले असतील. सांडपाणी न्यायला टँकर बोलवतो."

"टँकरवाले पाणी कुठे ओततात, ते तुम्हालाही ठाऊक आहे. उत्पादन थांबवा. हे जगले नाहीत तर मी राजीनामा देते."

उत्पादन थांबलं. रोज ती टाकीतलं थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरी. काहीच हलत नसे. बसवंत दाराशी उभा राही. मग एका सकाळी भिंगाखाली काहीतरी वळवळलं. "आहेत!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की बसवंतने तिथूनच हात जोडले.

मीठ पुन्हा बेताबेताने वाढवलं. टाकीतून नितळ पाणी निघू लागलं तेव्हा सुधींद्रांचा फोन आला. आजवर ते सांडपाणी टाकीत सोडून झाल्यावर कळवायचे.

"मॅडम, आज किती सोडू? स्वल्प जास्त चालेल?"

प्रणिताची मान आपोआप ताठ झाली. "थांबा, त्यांना विचारून सांगते," ती म्हणाली, आणि टाकीकडे निघाली.