वळताना येणारा आवाज

आपल्या मोटारसायकलची चेन कधी सैल झाली हेही ज्यांना कळत नाही, तीच माणसं बोट विकत घेतात. उजनीच्या पाण्याकाठी हॉटेल काढलेल्या एका मालकानं अशी एक जुनी बोट गोव्याहून ट्रकवर घालून आणली. मालक मूळचा सांगोल्याकडचा, डाळिंबावर मोठा झालेला. निम्मं आयुष्य टँकरची वाट बघण्यात गेल्यामुळं असेल, पण एवढं पाणी दिसल्यावर त्याच्यावरून काहीतरी पळवल्याशिवाय त्याला चैन पडेना.

माझं सोलापुरात डिझेल इंजिनाचं वर्कशॉप आहे. तरुणपणी मी मुंबईच्या गोदीत लाँचच्या इंजिनांवर काम केलं होतं, त्यामुळं जिल्ह्यात कुणाची बोट कुरकुरली की फोन मलाच येतो.

"मेस्तरी, बोट आवाज करतीया," मालक म्हणाला. "लई न्हाय, थोडाच. येऊन बघा की."

मी पोचलो तेव्हा निदान आधीच झालेलं होतं. मालकाचा मेव्हणा हॉटेलचा मॅनेजर होता आणि स्वतःला टेक्निकल माणूस म्हणवून घ्यायचा. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघून इंजिनात कचरा असल्याचं ठरवलं होतं आणि कसलीशी महागडी बाटली तेलात ओतून टाकली होती. "आता हळूहळू सुटंल," तो म्हणाला. जणू पोटाला औषध दिलं होतं.

मी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. हे काम त्यांना इंजिन उघडण्यापेक्षा अवघड गेलं. बोट चालवायला काठावरच्याच गावातला एक मच्छीमार ठेवला होता, त्याला मी इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवायला लावलं. इंजिन छान चालत होतं. गिअर टाकून सरळ नेल्यावर मागून हलकी गुरगुर यायला लागली. डावीकडं वळवताच गुरगुर वाढली आणि तिच्यावर टक-टक-टक असा कोरडा ठोका आला. वेग वाढवला की ठोकेही भरभर पडत. मी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बोटीच्या मागच्या भिंतीला टेकवलं आणि मूठ कानाशी धरली. हाडात खरखर उतरली. एवढं पुरे होतं.

मालकाला मी समजेल असं सांगितलं. या बोटीचं इंजिन आत असतं आणि पंखा बाहेर, एका गिअरच्या पायाला. मागच्या भिंतीला भोक पाडून इंजिनाची ताकद एका दांड्यानं त्या पायाकडं नेलेली असते. पाय डावी-उजवीकडं वळतो, म्हणून मधे वाकणारा सांधा असतो. त्याला आम्ही क्रॉस म्हणतो. त्या सांध्यावर रबरी भाता असतो, आत पाणी येऊ नये म्हणून. तुमचा भाता चिरलाय. पाणी शिरून बेअरिंग गंजलं, त्याची गुरगुर. क्रॉस झिजला, त्याचा ठोका.

"बोट बाहेर काढा, पाय उतरवा. तोवर चालवू नका. भाता पुरता फाटला तर तळं थेट आत येईल."

"पण इंजिन तर चालू हाय की," मेव्हणा म्हणाला.

मी बोटीच्या तळाची मागची फळी उचलली तर खाली पाणी डुचमळत होतं. मी मच्छीमाराला विचारलं, "हे कधीपासून?"

"लई दिस झालं. रोज सकाळी डबड्यानं काढतो."

"मालकांना सांगितलं नाही?"

"कुणी इचारलं न्हाय."

मालकाची अडचण वेगळीच होती. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि रविवारी बोटीवर तिचं लग्नाआधीचं शूटिंग होतं. "तेवढं होऊ द्या, मग काय उतरवायचं ते उतरवा," तो म्हणाला. आवाजाचा बंदोबस्त मेव्हण्यानं केला. त्यानं बोटीत मोठे स्पीकर बसवले.

मी परत तिकडं फिरकणार नव्हतो. पण शनिवारी मालकाच्या मुलीचा फोन आला. "काका, तुम्ही बाबांना काय सांगितलं ते मला सांगाल का? ते किरकोळ आहे म्हणतात."

मी सगळं सांगितलं. तिनं मधे तोंड घातलं नाही.

"आणि वळलोच नाही तर?"

"तरी भाता चिरलेलाच आहे. वळताना ताण जास्त येतो. तू जाऊच नको."

"ते मी बोलून बघितलंय. पाहुणे, फोटोग्राफर, सगळे ठरलेत." मग तिनं विचारलं, "बुडू न देणारी लाइफ जाकिटं किती आहेत तिथं? आणि मागून पाणी आलंच तर काय करायचं?"

"सगळ्यांना पुढच्या टोकाला बसव. कुणाला उभं राहू देऊ नको."

त्या अख्ख्या गोतावळ्यात मला एवढाच शहाणा प्रश्न ऐकायला मिळाला, म्हणून मी रविवारी गेलो. गेल्या गेल्या गावातल्या आणखी दोन मच्छीमारांना त्यांच्या वल्ह्याच्या होड्या घेऊन काठाला तयार थांबायला सांगितलं.

जाकिटं प्लास्टिकच्या पिशव्यांत, न फोडलेली होती. फोटोग्राफर म्हणाला, जाकिटानं नऊवारीचा लूक जातो. नवऱ्या मुलालाही शेरवानीवर ते नको होतं. "मग तुझे एकट्याचेच फोटो काढून घे," ती म्हणाली आणि स्वतःचे पट्टे आवळले. त्यानं मुकाट्यानं घातलं. मेव्हणा मात्र म्हणाला, मला पोहता येतं.

मुलगी, नवरा मुलगा, मेव्हणा आणि चालवणारा मच्छीमार यांना घेऊन बोट निघाली; मालक आणि मी काठावर राहिलो. काठावरून ड्रोन उडवत फोटोग्राफरनं सांगितलं, की वरून पाण्यात बदामाचा आकार दिसला पाहिजे, गोल गोल फिरवा. मालकानं तो हुकूम फोनवरून मच्छीमाराला पोचवला. मी "वळवू नका" म्हणालो, तर त्यानं मला हातानं गप्प केलं.

बदामाची एक बाजू झाली. दुसऱ्या वळणावर स्पीकरवरच्या गाण्याच्याही वर मला ठोके ऐकू आले, इतके जवळ जवळ की त्यांची एक सलग किरकिर झाली होती. मग घणाचा घाव बसावा तसा आवाज आला. ओझं सुटलेलं इंजिन किंचाळलं आणि बंद पडलं. क्रॉस तुटला होता, आणि सुटलेल्या दांड्यानं भाता फाडला होता.

मी होडीत बसलो तोवर बोटीची मागची बाजू खाली गेली होती. मच्छीमार डबड्यानं पाणी उपसत होता. मुलगी पुढच्या टोकाला बसून, नवऱ्या मुलाची बाही ओढत, "इथं बस, खाली बस," म्हणत होती. पोहता येणारा मेव्हणा सीटवर उभा होता. आम्ही पोचताच त्यानं आधी होडीत उडी मारली आणि होडी जवळजवळ उलटवली. बाकीच्यांना एकेक करून घेतलं. गाणं पाणी स्पीकरात शिरेपर्यंत चाललं होतं. शेवटी बोटीचं नाक तेवढं वर उरलं.

काठावर मालक फोटोग्राफरला सांगत होता, "ह्याचा व्हिडिओ भाईर जाता कामा नये."

"बाबा," पदर पिळत मुलगी म्हणाली, "आधी आम्ही कसे आहोत ते तरी विचारा."

मालकाचं तोंड उतरलं. त्यानं गळ्यातला पंचा काढून तिच्या खांद्यावर टाकला आणि तिच्याजवळ नुसता उभा राहिला. मला त्याची दया आली नाही.

पुढं बोट ट्रॅक्टरनं ओढून काढली. मी पाय उतरवला. बेअरिंगच्या गोळ्या गंजाच्या चिखलात रुतलेल्या होत्या, क्रॉसचा तुकडा पडला होता. तो तुकडा मी मालकाच्या हातावर ठेवला. त्यानं उलटसुलट करून बघितला.

"एवढ्याशानं?" तो म्हणाला.

मेव्हणा गिऱ्हाइकांना अजून सांगतो, की पाण्याखालचा खडक लागला. उजनीच्या त्या भागात खडक नाही. लग्न ठरल्याप्रमाणं झालं. मला आमंत्रण होतं, गेलो, जेवलो.

मागच्या महिन्यात मालकाचा फोन आला. दुसरी बोट बघितलीय, बॅटरीवर चालणारी, तिला आवाजच नाही म्हणाला. "येऊन बघा की, मेस्तरी."

"आधी मुलीला दाखवा," मी म्हणालो. "तिनं हो म्हटलं तर मला बोलवा."

तो हसला. त्याला ती थट्टा वाटली.