गाठ न सोडता लिहिलेलं पत्र

"हिला आधी बाजूला करा. पोथीला हात लावतेय ही."

सर हे मला नाही म्हणाले. मालकाला म्हणाले. लाल कापडात बांधलेली पोथी माझ्याच दोन्ही हातांत होती, आणि 'ही' म्हणजे मी. बेचाळीस वर्षांची बाई. दोन लेकरांची आई. राजापेठेतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात अकरा वर्षं राबलेली.

मालक हसला. "बाई, ठेव थे टेबलावर. तू पितळ पूस."

मी ठेवली. सरांनी खिशातून रुमाल काढला आणि माझे हात लागले होते तिथं कापडावरून फिरवला. दोनदा फिरवला. मग म्हणाले, "या लोकांना पुस्तकाची किंमत किलोनंच कळायची."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तीही हसली. मी चिंच घेऊन समई घासायला बसले. कानशिलं तापली होती आणि माझी मलाच चीड येत होती, कारण मी ऐकून घेतलं होतं.

सर म्हणजे अमरावतीतले निवृत्त प्राध्यापक. जुन्या ग्रंथांचे जाणकार म्हणून वऱ्हाडभर नाव. ही पोथी अमुक वर्षांची, असं पत्र त्यांनी लिहून दिलं की झालं, पुढं कोणी विचारायचं नाही.

आणि मी? मला काय कळायचं, तेही सांगते.

माझा बाप अकोल्यात पुस्तकं बांधायचा. कचेरीची रजिस्टरं, शाळेची पुस्तकं, आमच्या वस्तीतल्या विहाराच्या वाचनालयाची तर फुकट. शिकला चौथीपर्यंत. पण पुस्तक हातात घेतलं की त्याचं वय सांगायचा. दोरा कुठला, खळ कशाची, कागद हाताचा की गिरणीचा. मला म्हणायचा, "पोरी, पुस्तकाचं तोंड नोको पाहू. बूड पाय पयले. तोंडावर सारेच पावडर लावतात."

दुकानात खोकी आली की मी ती बापाच्या डोळ्यांनी बघायची. सोनेरी कडांचे जाडजूड संच बघून गिऱ्हाईक भुलतं. असे संच जुन्या वकिलांच्या कपाटांत ढिगानं सापडतात, त्यांना कोण विचारतो? त्याच खोक्याच्या तळाशी एखादं पातळ, पुठ्ठा गेलेलं चोपडं असतं, कुठल्याशा गावात एकदाच छापलेलं, वाचून वाचून संपलेलं. ते मी बाजूला काढायची. मालक गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमचा अंदाज आहे, दुर्मीळ आहे." आमचा! अकरा वर्षांत त्यानं एक पान उलटून पाहिलं नाही.

ती पोथी धामणगाव रेल्वेहून आली होती. एका कापूस व्यापाऱ्याचं घर पुण्याला गेलं, जाताना सामान विकून गेलं. आली त्या दिवशी मीच ती सोडली, पानं झटकली, कसर लागली का ते पाहिलं आणि परत बांधून ठेवली. म्हणजे सर यायच्या आठ दिवस आधीच ती माझ्या हाताखालून गेली होती. रुमाल उशिरा फिरला.

आता सरांनी काय केलं ते बघा. त्यांनी ती सोडलीच नाही.

मालक म्हणाला, "सर, उघडून पायता काय?" तर म्हणाले, "नाही हो. पोथी सोवळ्यात सोडायची, हा आमच्या घरचा नियम आहे. अशी बाजारातून आलेली मी नाही सोडत." गाठोडं तळहातावर तोललं. लाकडी फळ्यांवर टिचकी मारली. कापडाचा कोपरा जरा सारून पानांची कड पाहिली, नाकाशी नेली. "हस्तलिखित. दोनशे वर्षांचं तरी नक्की." तिथंच बसून सुंदर अक्षरात पत्र लिहिलं, खाली सही ठोकली.

मी समई घासत होते. मला माहीत होतं की ती पोथी छापील आहे.

पूर्वी दगडावरून पोथ्या छापायचे. शिळाछाप म्हणतात त्याला. आधी माणूस हातानं लिहायचा, ते अक्षर दगडावर उतरवायचे आणि त्याच्या शेकडो प्रती काढायचे. दिसायला हुबेहूब हातची. पण शाई सगळीकडे सारखी बसते, बोरू शाईत बुडवून पुन्हा टेकवला त्या जागी गडद होत नाही. आणि हातानं लिहिणारा कुठं ना कुठं चुकतोच. चुकला की त्यावर हरताळ लावतो, पिवळा डाग दिसतो. या पोथीत एक डाग नव्हता. त्याहून सोपं म्हणजे, शेवटच्या पानावर तळाला छापखान्याचं नाव होतं. बूड पाहिलं असतं तर दुसरीतल्या लेकरालाही कळलं असतं. शिळाछापाची पोथी वाईट नसते, तिचीही एक किंमत असते. फक्त ती हस्तलिखित नसते.

तोंड उघडून एवढं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. भीतीनं नाही, हे लिहून ठेवा. सूड म्हणून नाही सांगितलं. अकरा वर्षं मी मालकाची चूक पदराखाली घेत आले. म्हटलं, आता नाही. पडू देत सर तोंडावर. आणि चार लोकांत पडू देत.

एका संस्थेनं आपल्या संग्रहालयासाठी ती पोथी घेतली. कार्यक्रम ठरला. हॉल, हारतुरे, शाल-श्रीफळ. पोथीची पेटी उचलून न्यायला मालकानं मलाच नेलं. पेटीला माझा हात चालत होता. लाकडाला विटाळ नसतो बहुतेक.

मी मागं भिंतीशी उभी राहिले. सर सोवळं नेसून व्यासपीठावर आले. गाठ सोडली. पहिलं पान दोन्ही हातांनी उंच धरलं. म्हणाले, "बघा, काय हात आहे! इतक्या पानांत लेखक कुठंही अडखळलेला नाही, कुठंही चुकलेला नाही."

टाळ्या पडल्या. त्या मी पूर्ण होऊ दिल्या.

मग मी मोठ्यानं म्हणाले, "सर, शेवटचं पान वाचून दाखवा."

माना वळल्या. "कोण आहे ही?" सरांनी मालकाला विचारलं.

"शेवटचं पान, सर. खालची ओळ."

मालक हातानं बस बस करत होता. सर वाचेनात. तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या शिक्षिका उठल्या, व्यासपीठावर गेल्या, शेवटचं पान काढलं, चष्मा सावरला आणि खणखणीत आवाजात वाचलं. छापणाऱ्याचं नाव, छापखान्याचं नाव, शहर, साल. सारं वाचलं.

मग मागून एक जण फिसकन हसला आणि हॉलभर हसू पसरलं. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. मी डोळे भरून बघितला. दया आली का, असं मला माझ्या लेकीनं विचारलं. नाही आली. फार बरं वाटलं. अजून वाटतं.

बाहेर मालकानं गाठलं. "तुले मायती होतं?"

"पयल्या दिवसापासून."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी मले पितळ पुसाले सांगतलं होतं."

त्यानं त्याच जागी कामावरून काढलं. महिना गेला. मग एक दिवस दारात उभा. परतवाड्याहून पुस्तकांची खोकी आली होती, आणि त्यांतलं काय ठेवायचं नि काय रद्दीत घालायचं हे त्याला कळत नव्हतं. म्हणाला, "चाल बाई, झालं गेलं जाऊ दे."

म्हटलं, "येतो. पण पत्र मी लिहीन. खाली नाव माह्यं राहीन."

त्यानं डोकं खाजवलं. "नाव लिही ना, काई हरकत नाई. पण आडनाव नोको लिहू. गिऱ्हाईक बिचकते."

मी दार लावून घेतलं.

आता मी माझं काम माझ्या घरून करते. अमरावतीचे, अकोल्याचे लोक पुस्तकं घेऊन येतात. थोडेच येतात, पण येतात. मी उघडते, बूड बघते, आहे ते लिहिते, आणि खाली नाव टाकते, आडनावासकट. ज्याला बिचकायचं त्यानं बिचकावं.

सर अजून पत्रं लिहितात. लोक चार दिवस हसले आणि विसरले, त्यांना विसरायची सोय असते. मी विसरलेली नाही. वऱ्हाडात घराघरांत, संस्थांत सरांच्या सहीची किती पत्रं पडली आहेत, त्याची मी वही केली आहे. त्यांतली किती गाठोडी त्यांनी उघडली नसतील? एकेका दारात जाणार आहे. जिथं उघडू देतील तिथं उघडणार. जिथं नाही देणार तिथं पुन्हा जाणार. पोथी खरी निघाली तर खरी म्हणून लिहीन, बापानं मला खोटं शिकवलं नाही. खोटी निघाली तर त्यांच्या पत्राशेजारी माझं पत्र ठेवून येईन. अकोल्यापासून सुरुवात केली आहे. पहिल्या तीन घरांत दोन पत्रं खोटी निघाली.